संकीर्णाचा कप्पा

अमेरिकेतील ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांतून तबकड्या लावण्याची एक ठराविक वहिवाट असे. ज्या गायकाचा किंवा वाद्यवृंदाचा खप मोठा, त्याच्या नावाची स्वतंत्र पाटी कप्प्यात उभी केलेली असे. आणि ज्यांच्या तबकड्या क्वचितच कोणी विचारी, अशा सर्वांना केवळ नावाच्या आद्याक्षरावरून एकत्र कोंबून त्यांच्यापुढे ‘संकीर्ण’ अशी पाटी लावली जाई. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील ‘दे माइट बी जायंट्स’ या दोघाजणांच्या रॉक मंडळीच्या तबकड्या त्यांच्या उमेदवारीच्या काळात अशाच ‘टी’ अक्षराच्या संकीर्ण कप्प्यात सापडत, आणि 1991 साली जेव्हा त्यांच्या विखुरलेल्या, दुय्यम गणल्या गेलेल्या व सहजासहजी हाती न लागणाऱ्या गाण्यांचा संग्रह निघाला, तेव्हा त्याचे नावही दुकानातील त्या पाटीवरूनच उचलण्यात आले: ‘मिसलेनियस टी’. स्वतःच्या उपेक्षेचे असे नामकरण करण्यास थोडी विनोदबुद्धी लागते, आणि बराच आत्मविश्वासही.

या संग्रहातील बहुतेक गाणी ज्या वर्गात मोडतात त्याला त्या धंद्यात ‘बी-साइड’ म्हणतात. एमिल बर्लिनरची तबकडी आरंभी एकाच बाजूने वाजत असे. मागची बाजू कोरी राही. 1902 साली फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले, त्या काळच्या तबकड्या अशाच एकमुखी होत्या. पुढे 1904 च्या सुमारास जर्मनीतील ओडियन कंपनीने दोन्ही बाजूंवर मुद्रण करण्यास सुरुवात केली आणि कोऱ्या पाठीवर काय घालावे, हा प्रश्न प्रथमच उद्भवला. आपल्याकडे मिनिटास 78 फेरे घेणाऱ्या तबकड्यांवर या प्रश्नाचे उत्तर सोपे होते; एकीकडे विलंबित तर दुसरीकडे द्रुत, किंवा एकीकडे एक पद तर दुसरीकडे त्याच नाटकातील दुसरे, अशी वाटणी बिनबोभाट होत असे, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही बाजूंमध्ये थोरली कोणती व धाकटी कोणती याचा विचार करण्याचे फारसे कारण पडत नसे. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात मात्र 1949 साली आर.सी.ए. व्हिक्टर कंपनीने मिनिटास 45 फेऱ्यांची सात इंची लहान तबकडी आणल्यानंतर, आणि पाठोपाठ नभोवाणीवरील तबकडी-निवेदकांचे साम्राज्य वाढल्यानंतर, पुढच्या बाजूचे गाणे म्हणजे कंपनीने बाजारात उतरवलेला उमेदवार आणि मागच्या बाजूचे म्हणजे जागा भरण्यापुरता केलेला बंदोबस्त, असा भेद रूढ झाला.

या भेदाला जमाखर्चाची एक गमतीदार बाजू आहे. तबकडीच्या विक्रीवर गीतकार-संगीतकारांना जे स्वामित्वधन मिळते ते दोन्ही बाजूंच्या गाण्यांना सारखेच मिळते. तबकडी पुढच्या गाण्यासाठी विकत घेतली काय आणि मागच्यासाठी घेतली काय, पैसा दोघांच्याही खात्यावर जमा. त्यामुळे लोकप्रिय गाण्याच्या पाठीवर आपले एखादे गाणे चढवून घेण्यासाठी निर्माते व व्यवस्थापक यांची बरीच खटपट चाले. फिल स्पेक्टर नावाचा विख्यात निर्माता तर मागच्या बाजूस मुद्दाम एखादा निरर्थक वाद्यवादनाचा तुकडा घाली, हेतू हा की निवेदकाने चुकूनही तबकडी उलटवू नये. तरीही निवेदक ती उलटवीतच. बिल हेली याचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ हे 1954 साली मागच्या बाजूचे गाणे म्हणून निघाले. ग्लोरिया गेनरचे ‘आय विल सर्व्हाइव्ह’ 1978 मध्ये तसेच. आणि इंग्लंडातील ‘द स्मिथ्स’ या मंडळीचे आज सर्वाधिक नावाजलेले ‘हाउ सून इज नाउ’ हे गाणेदेखील 1984 साली दुसऱ्याच एका गाण्याच्या पाठीवर बसून बाहेर पडले. कंपनीचा कौल एक आणि श्रोत्यांचा दुसरा, असे अनेकदा घडले; परंतु असे भाग्य लाभलेली गाणी अपवादभूतच. बाकीची सहस्रावधी गाणी तबकडीबरोबर बाजारातून नाहीशी झाली, आणि ती पुन्हा एकत्र करून विकणे हा पुढे एक स्वतंत्र व्यवसाय झाला. ‘आर.ई.एम.’ या मंडळीने 1987 साली आपल्या अशा संग्रहास ज्या टपाल कचेरीत पत्ता न लागलेली पत्रे जाऊन पडतात तिचे नाव दिले, आणि ‘निर्वाणा’, ‘ओएसिस’, ‘पेट शॉप बॉइज’ आदी अनेकांनी नव्वदीच्या दशकात तोच कित्ता गिरवला.

‘मिसलेनियस टी’ या पंक्तीतील असला तरी त्याची जात वेगळी आहे, आणि ती समजण्यासाठी त्या दोघांची कार्यपद्धती पाहणे अवश्य आहे. जॉन फ्लॅन्सबर्ग आणि जॉन लिनेल हे दोघेही मॅसॅच्युसेट्स संस्थानातील लिंकन या गावचे, एकाच शाळेतले. 1981 साली ते ब्रुकलिनमधील एकाच इमारतीत येऊन राहिले आणि पुढल्या वर्षी त्यांनी एकत्र कार्यक्रम करण्यास आरंभ केला. मंडळीचे नाव त्यांनी 1971 च्या एका चित्रपटावरून घेतले. त्यात एक निवृत्त न्यायाधीश स्वतःला शेरलॉक होम्स समजू लागतो, आणि शीर्षकाचा रोख डॉन किहोटेने राक्षस समजून ज्यांच्यावर चाल केली त्या पवनचक्क्यांकडे आहे: कोण जाणे, असतीलही ते राक्षस. फ्लॅन्सबर्ग गिटार वाजवी व लिनेल अ‍ॅकॉर्डियन. हिंदी चित्रपटगीतांमुळे, आणि पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांच्या वादनामुळे, अ‍ॅकॉर्डियन हे वाद्य आपल्याला गोड व भारदस्त वाटते. पण 1980 नंतरच्या न्यूयॉर्कमध्ये रॉकच्या रंगमंचावर ते घेऊन उभे राहणे म्हणजे हसे करून घेण्याची पूर्वतयारीच होती. ढोल वाजविणारा नाही, खर्जाची गिटार वाजविणारा नाही; त्या दोघांचे काम ध्वनिफितीवर आधीच भरून ठेवलेले, आणि ती फीत सुरू झाली की हे दोघे गाऊ-वाजवू लागत. ईस्ट व्हिलेजमधील ज्या लहानमोठ्या क्लबांत त्यांचे कार्यक्रम होत, तेथे नाट्य, चित्र, विडंबन यांची सरमिसळ चालत असे, आणि या दोघांनीही प्रचंड आकाराच्या तुर्की टोप्या आणि कॅन्ससमधील विल्यम अ‍ॅलन व्हाइट या दिवंगत संपादकाच्या चेहऱ्याचे मोठमोठे पुठ्ठे अशी सामग्री रंगमंचावर आणून त्या सरमिसळीत भर घातली. संपादकमहाशयांचा या संगीताशी संबंध काय, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

अशा स्थितीत एक दुहेरी आपत्ती ओढवली. सायकलवरून पडून लिनेलचे मनगट मोडले, आणि फ्लॅन्सबर्गच्या बिऱ्हाडी चोरी झाली. कार्यक्रम बंद पडले. श्रोत्यांशी असलेला संबंध तुटू नये म्हणून त्यांनी जी तजवीज केली ती त्यांच्या पुढील साऱ्या कारकिर्दीचे बीज ठरली. दूरध्वनीला जोडण्याचे, निरोप घेणारे एक साधे यंत्र त्यांनी घेतले. मालक घरी नसता जेथे ‘आपला निरोप ठेवावा’ असे शब्द ऐकू यावयाचे, तेथे त्यांनी स्वतःचे गाणे भरून ठेवले, आणि तो क्रमांक वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातीत छापला. ‘डायल-अ-साँग’ असे त्या उपक्रमाचे नाव. क्रमांक ब्रुकलिनमधील एका खासगी घरासारखाच, त्याला नेहमीच्या स्थानिक संभाषणाइतकाच आकार पडे, आणि कचेरीतून दूरध्वनी केल्यास तोही पडत नाही, असे जाहिरातीतच मिस्कीलपणे सुचविलेले असे. एका वेळी एकच माणूस ऐकू शके; दुसऱ्याने त्याच वेळी क्रमांक फिरविला तर त्याला केवळ गुंतल्याचा सूर ऐकू येई. गाणे बदलत राही, आणि वर्षानुवर्षे चाललेल्या या परिपाठामुळे या दोघांकडे शेकडो गाण्यांचे भांडार साठत गेले.

येथे थोडे थांबून यंत्राचा विचार करावा, कारण माझ्या समजुतीने या मंडळीच्या संगीताची किल्ली तेथे आहे. दूरध्वनीच्या तारेतून साधारणपणे 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी वाहून नेला जातो. मनुष्याचे बोलणे समजण्यास तेवढे पुरते. खर्जाचा ढोल त्यातून पार होत नाही, झांजांची चमकही नाहीशी होते. उरतो तो मधला भाग, म्हणजे कंठ, शब्द आणि अ‍ॅकॉर्डियनसारख्या वाद्याचा नाकातला, धारदार स्वर. शिवाय ऐकणारा मनुष्य कानाशी यंत्र धरून, बहुधा उभ्याउभ्याच ऐकत असावयाचा, तेव्हा प्रास्ताविक वादनात वेळ घालविण्याची सोय नाही. पहिल्या काही क्षणांत चाल पकडून दोन मिनिटांत आटोपते घेणे भाग. आता या दोघांची गाणी पाहा. 1986 च्या पहिल्याच दीर्घ तबकडीवर 19 गाणी, 1988 च्या ‘लिंकन’वर 18, आणि 1990 च्या ‘फ्लड’वर पुन्हा 19. अन्य मंडळींचा सर्व पसारा जेथे दहा-बारा गाण्यांत संपतो, तेथे हे दोघे इतकी गाणी बसवितात, आणि प्रत्येक गाणे सुरू होताच मुद्द्याला हात घालते. ही सवय त्यांनी कोठून घेतली याविषयी त्यांनी स्वतः काय म्हटले असेल ते असो. मला तरी तिच्यात त्या निरोपाच्या यंत्राची शिस्त स्पष्ट दिसते.

एकेका तबकडीत जे लोक एवढी गाणी खर्च करतात त्यांच्यापाशी उरलेसुरले काय असणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. उत्तर असे की उरलेसुरले पुष्कळ होते. न्यू जर्सीतील होबोकेन येथील ‘बार/नन’ या लहानशा कंपनीने त्यांच्या पहिल्या दोन दीर्घ तबकड्या काढल्या, आणि त्यांतील एकेका गाण्याला पुढे करून लहान तबकड्याही काढल्या: 1987 मध्ये ‘डोंट लेट्स स्टार्ट’, 1988 मध्ये ‘शी वॉज अ होटेल डिटेक्टिव्ह’, 1989 मध्ये ‘देल नीड अ क्रेन’. पैकी पहिल्याचे चित्रण क्वीन्समधील 1964 च्या जागतिक प्रदर्शनाच्या ओसाड मंडपात झाले, एम.टी.व्ही. वाहिनीने ते वारंवार दाखविले, आणि संकीर्ण कप्प्यातील हे दोघे अकस्मात देशभर ठाऊक झाले. या तीनही तबकड्यांत पुढच्या गाण्यामागे आणखी दोन-चार गाणी जोडण्याइतकी जागा होती, आणि ती भरण्यासाठी जे केले गेले तेच प्रायः ‘मिसलेनियस टी’मध्ये एकत्र आले. संग्रहाला 1991 हेच वर्ष का लाभले, हेही उघड आहे. दोघे तोवर ‘इलेक्ट्रा’ या बड्या कंपनीकडे गेले होते, ‘फ्लड’मधील ‘बर्डहाउस इन युअर सोल’ हे गाणे इंग्लंडच्या खपाच्या यादीत सहाव्या क्रमांकावर चढले होते, आणि जुन्या धन्याच्या दप्तरी असलेल्या मालाला अचानक भाव आला होता. यात गैर काही नाही. लहान कंपन्या अशाच जगतात.

संग्रह सुरू होतो तो ‘हे, मिस्टर डी.जे., आय थॉट यू सेड वी हॅड अ डील’ या गाण्याने. नभोवाणीवरील निवेदकाला चिरीमिरी देऊनही आपली तबकडी तो वाजवीत नाही, अशी एका होतकरू गायकाची तक्रार हा त्याचा विषय. अमेरिकेत या लाचलुचपतीने एके काळी एवढे उग्र रूप धारण केले होते की 1959-60 मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे तिची रीतसर चौकशी झाली, आणि ‘रॉक अँड रोल’ हे नाव घरोघर पोहोचविणारा अ‍ॅलन फ्रीड हा निवेदकच तिच्या तडाख्यात सापडून धुळीस मिळाला. हा इतिहास ठाऊक असणाऱ्याला गाण्यातील तक्रारदाराविषयी कणव वाटावी की त्याचा राग यावा हे ठरविता येत नाही, कारण त्याचे म्हणणे लाच देणे वाईट असे मुळीच नसून, दिलेल्या लाचेचा मोबदला मिळाला नाही एवढेच आहे. चाल मात्र अशी उत्साही की नभोवाणीने ती आपण होऊन वाजवावी.

अशी विसंगती या दोघांना फार प्रिय आहे. ‘आय विल सिंक मॅनहॅटन’ या गाण्यात प्रेमभंग झालेला एक गृहस्थ प्रेयसीसह अवघे मॅनहॅटन बेट बुडविण्याचा मनसुबा सांगतो, पण सांगण्याचा सूर सहलीचा बेत आखावा तसा निर्वेध. ‘फॉर सायन्स’ मध्ये शुक्रावरून आलेल्या मुलीबरोबर फिरावयास जाण्यासाठी एक स्वयंसेवक पुढे येतो, अर्थातच विज्ञानाच्या सेवेखातर. ‘वी आर द रिप्लेसमेंट्स’ हे मिनियापोलिसच्या त्याच नावाच्या, दारूपायी कार्यक्रम बिघडविण्याबद्दल ख्यातनाम असलेल्या मंडळीच्या मुखी घातलेले गाणे आहे. थट्टा आहे, पण दौऱ्याचा शिणवटा स्वतः भोगलेल्याने केलेली. ‘नाइटगाउन ऑफ द सलन मून’ ला नॅन्सी विलार्ड या लेखिकेच्या बालपुस्तकाचे नाव लाभले आहे. आणि ‘द फेमस पोल्का’ म्हणजे अ‍ॅकॉर्डियनवरची एक भरधाव धावपळ, जी मुख्य तबकडीवर घातली असती तर कंपनीच्या माणसाने निश्चितच भुवया उंचावल्या असत्या. मागच्या बाजूला तसे विचारणारा कोणी नसतो. जे गाणे विकावयाचेच नाही त्याच्यावर कोणाची देखरेख नसते, आणि लेखकाच्या टिपणवहीत ज्याप्रमाणे त्याची खरी चव कधीकधी छापील ग्रंथापेक्षा अधिक लागते, तसे या गाण्यांचे झाले आहे.

तथापि या संग्रहातील सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे एक गाणे नसलेली नोंद. तिला नाव नाही. यादीत तिचा उल्लेख ‘शीर्षकरहित’ असाच. एका स्त्रीने वर्तमानपत्रातील जाहिरात पाहून डायल-अ-साँगचा क्रमांक फिरविला, आणि त्याच वेळी आपल्या परिचितालाही त्याच संभाषणात जोडून घेतले, जेणेकरून दोघांना ते एकत्र ऐकता यावे. गाणे संपले. यंत्र आपल्या नियमानुसार पुढील निरोप टिपून घेण्यास सुरुवात करते झाले, आणि ती स्त्री व तिचा परिचित, तिसरा कोणी ऐकत आहे याची कल्पना नसल्यामुळे, आपसांत बोलत राहिले. हे लोक कोण? यांचे खरे नाव काय? (नाव ती स्त्री किंचित चुकवूनच घेते.) हा असला उद्योग ते कशासाठी करतात? आणि मुख्य म्हणजे, यात त्यांना पैसे सुटतात तरी कसे? तिचा आवाज रागाचा नाही की कौतुकाचाही नाही. बाजारात एखादी वस्तू उलटसुलट करून पाहावी आणि ती कशासाठी आहे हेच उमगू नये, असा तो प्रामाणिक गोंधळ आहे. इतक्या सरळपणे हा प्रश्न कोणत्याही टीकाकाराने त्यांना विचारला नसेल. आपले बोलणे टिपले जात आहे हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीचा आवाज छापून विकावा काय, असा एक नैतिक प्रश्न येथे उपस्थित होतो, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही हे मी मान्य करतो. परंतु या संग्रहातून एकच नोंद वाचवावयाची झाली तर मी हीच वाचवीन. गायकाने श्रोत्यापर्यंत पोहोचण्याचे एक यंत्र बसविले, आणि त्याच यंत्राने एकदा श्रोत्याला गायकापर्यंत आणून सोडले.

सर्वच संग्रह असा रसाळ आहे असे म्हणणे धारिष्ट्याचे होईल. आधीच निघालेल्या गाण्यांची ठोके वाढवून, आवाज फुगवून केलेली पुनर्मिश्रणे यात आहेत, ती ऐंशीच्या दशकातील नृत्यगृहांच्या मागणीची साक्ष म्हणून ठेवावीत आणि एकदा ऐकून पुढे जावे. दुर्मीळ म्हणून जे जे विकले जाते ते ते दुर्मीळ राहण्यास कारण असते, हे अशा संग्रहांच्या ग्राहकाने विसरू नये.

यंत्राकडे पाहून गाणे बेतण्याची त्यांची खोड पुढेही गेली नाही. सी.डी. हे माध्यम स्थिर झाले आणि त्यात गाणी मनास येईल त्या क्रमाने वाजविण्याची सोय आली, तेव्हा 1992 च्या ‘अपोलो 18’ वर त्यांनी ‘फिंगरटिप्स’ नावाने काही सेकंदांचे 21 तुकडे घातले, ज्यायोगे त्या सोयीने ऐकणाऱ्यास प्रत्येक खेपेस दोन गाण्यांमध्ये कोठेतरी एखादा तुकडा अवचित भेटावा. त्याच वर्षी त्यांनी फितीला रजा देऊन जिवंत वादकांचा ताफा बरोबर घेतला. 1997 मध्ये पहिल्या दोन दीर्घ तबकड्या आणि ‘मिसलेनियस टी’ असे सर्व मिळून ‘देन: द अर्लियर इयर्स’ या जोडसंचात एकत्र आले, आणि मागल्या बाजूची गाणी पुढल्या बाजूच्या गाण्यांना लागूनच, एकाच मोलाने, ऐकावयास मिळू लागली. आता तर संगणकाच्या जाळ्यावरून ऐकल्या जाणाऱ्या गाण्याला बाजूच उरलेली नाही.

मात्र दूरध्वनी उरला. जुने यंत्र वारंवार नादुरुस्त होऊन या शतकाच्या पहिल्या दशकात बंद पडले होते. 2015 साली या दोघांनी डायल-अ-साँग पुन्हा सुरू केले, या वेळी निःशुल्क क्रमांकावर, दर आठवड्यास एक नवे गाणे देण्याच्या बोलीने, आणि ती वर्षभर पाळली. त्या वर्षाच्या गाण्यांतून ‘ग्लीन’, ‘व्हाय?’ आणि ‘फोन पॉवर’ असे तीन संग्रह तयार झाले. त्यांतला एकही दुय्यम गाण्यांचा संग्रह म्हणून निघाला नाही. तिन्ही त्यांच्या मुख्य तबकड्यांच्या फेरिस्तीत, आपापल्या क्रमाने, दाखल आहेत.